पातेले एक, जेवणारी शेवटची

आरोग्यविमा प्रत्येकाचा वेगळा घ्यावा की सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच, हा प्रश्न आपल्या घरांत हिशेबाचा म्हणून सोडवला जातो. एजंट आकडे मांडतो, नवरा सही करतो, बाई चहा ठेवते. माझे म्हणणे आहे की हा प्रश्न हिशेबाचा नाही, हक्काचा आहे.

‘फॅमिली फ्लोटर’ म्हणजे काय? पॉलिसी पाच लाखांची असेल, तर ते पाच लाख प्रत्येकाचे नसतात. वर्षभरासाठी सगळ्यांचे मिळून असतात. पातेले एक आणि जेवणारी माणसे पाच. तळाशी उरलेले आपल्याकडे कोण खाते, हे मैत्रिणींनो, मी सांगायला हवे का? सल्ला केंद्रावर मी हेच ऐकते. सासऱ्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले, आता हिच्या गर्भाशयाचे पुढच्या वर्षी बघू. तिला कोणी ‘नाही’ म्हटलेले नसते. ‘माझे काय, थांबेल’ असे तिनेच म्हटलेले असते. या सवयीला आपण त्याग म्हणतो, आणि विमा त्या त्यागावर शिक्का मारतो.

एजंट म्हणतो, फ्लोटर स्वस्त पडतो. तरुण जोडपे आणि लहान मुले असतील तर ते खरे आहे. पण हप्ता ठरतो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर. सासू-सासरे त्यात आले की स्वस्ताई संपते. काही पॉलिसींत संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते, हेही खरे. पण त्याने पॉलिसीची मालकी बदलत नाही. प्रस्तावक नवरा. कागद त्याच्या कपाटात, नूतनीकरणाची तारीख त्याच्या फोनवर, बिलाची भरपाई त्याच्या खात्यात.

याची किंमत कळते ती संसार मोडल्यावर. घटस्फोट झाला की ती ‘पत्नी’ म्हणून त्या पॉलिसीत राहत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षे नव्या पॉलिसीत जमा करून घेण्याचा हक्क कायद्याने तिलाही आहे. पण त्यासाठी जुनी पॉलिसी चालू असताना अर्ज करावा लागतो, कागद हाताशी लागतात. नवऱ्याने हप्ता थकवून पॉलिसी बंद पाडली, तर पंचेचाळिशीतली मधुमेही बाई पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागते.

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला शिकवले, कुटुंब हे समाजाचे एकक. सरकारही तेच धरून चालते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले पाच लाखही दर कुटुंबामागेच आहेत. पण घराला संरक्षण म्हणजे बाईला संरक्षण नव्हे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४१ टक्के घरांत निदान एकाला तरी आरोग्यविम्याचे किंवा योजनेचे संरक्षण होते. १५ ते ४९ वयोगटातल्या पुरुषांत मात्र ते ३३ टक्क्यांना, आणि स्त्रियांत ३० टक्क्यांनाच. याच सरकारने २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्यांना कुटुंबाच्या रकमेखेरीज वेगळे पाच लाख दिले. म्हाताऱ्यांसाठी वेगळे पान वाढता येते, तर बाईसाठी का नाही?

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. नवरा आणि मुले हवी तर फ्लोटरमध्ये राहोत. बाईची पॉलिसी वेगळी हवी, प्रस्तावक ती स्वतः, खाते तिचे. थोड्या रकमेची का असेना, पण तिशीतच घ्यावी, आजार चिकटण्याआधी. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. तेवढी सबब तरी कमी झाली. आणि ज्या बाईच्या हाती हप्त्याइतकेही पैसे नसतात, तिच्यासाठी आपण संघटनेने मागणी करायला हवी: सरकारी योजनेत प्रत्येक स्त्रीच्या नावे स्वतंत्र रक्कम.

घरासाठी ती राबते ती एकटीच्या अंगाने. मग आजारपणातच तिचे अंग सामाईक कसे होते?