मातीविना मळा

बिदर-भालकी, उदगीर, कलबुर्गीकडची कितीतरी घरं नोकरीधंद्यासाठी हैदराबादला स्थिरावली. शेत गावी राहिलं आणि वाट्याला आली सहा बाय तीन फुटांची गॅलरी. मियापूरला लेकाकडे राहायला गेलेल्या माझ्या मामींचं असंच झालं. सारा जन्म शेतात गेलेला, फ्लॅटमध्ये मात्र हाताला काम नाही. सुनेनं पाण्यावर पालक लावायचं काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मण्णिल्द ह्यांग बेळीतद?" मातीशिवाय उगवेल कसं?

प्रश्न रास्त आहे. पण मुळांना हवे असतात पाणी, क्षार, हवा आणि आधार. ते माती देते. आपण दिले तरी चालतात. शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली कालिम्पाँगला असे प्रयोग सुरू केले, म्हणजे आपल्या देशाला हे नवं नाही.

घरासाठी सर्वांत सोपी रीत हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची. तिला पंप लागत नाही, वीजही नाही. वीस लिटरचा, उजेड आत न शिरणारा टब घ्यावा. उजेड शिरला की शेवाळ धरतं. झाकणाला पाच-सहा भोकं पाडून त्यांत जाळीच्या कुंड्या बसवाव्यात, कुंडीत काथ्याचा भुसा आणि रोप. पोषक द्रव दोन बाटल्यांत येतो. दोन्ही घट्ट द्रव एकमेकांत थेट ओतू नयेत, कॅल्शियमचा साका बसतो. एक पाण्यात नीट ढवळून मगच दुसरा घालावा. सामू साडेपाच ते साडेसहा ठेवावा. बोअरचं पाणी जड असेल तर तपासूनच वापरावं.

सुरुवातीला पाणी कुंडीच्या बुडाला टेकेल इतकंच असावं. रोप पाणी पितं, पातळी उतरते आणि वरची मुळं मोकळ्या जागेतली हवा घेतात. म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरू नये, मुळं गुदमरतात. झाकणाला फट राहिली तर डास होतात, तेही बघावं.

हैदराबादचा मे महिना मात्र कठीण. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळं सडतात. पांढरी मुळं निरोगी, तपकिरी नि वास मारणारी आजारी. ही पारख मामींना कुणी शिकवावी लागली नाही. आता सूनच त्यांना विचारते.

टँकर विकत घेणाऱ्या शहरात बंद टबातलं पाणी जमिनीत मुरून जात नाही, हा मोठाच फायदा. आपल्या बिदरवरून वाहत जाणारी मांजराही त्या शहराची तहान भागवते, तेव्हा काटकसरीचं मोल आपण जाणतोच.

एका टबानं घरची भाजी भागत नाही, आठवड्याची एखादी जुडी निघते. पालक, पुदिना लावावा; आपली पुंडी, म्हणजे आंबाडी, उंच वाढते, ती कुंडीतच बरी. महागडा नळ्यांचा संच घेण्याआधी पावसाळा सरताच एक टब लावून पाहा. आणि घरात शेती केलेलं वडीलधारं माणूस असेल तर टब त्यांच्याच हवाली करा.