गाडी आमची, पण पाना कोणाचा?

यंदाच्या नामविस्तार दिनाची गोष्ट आहे. १४ जानेवारीला पहाटे आम्ही चौघे विद्यापीठ गेटला अभिवादन करण्यासाठी धाराशिवहून निघालो. येडशी मागे पडली आणि येरमाळ्याच्या घाटात गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि चौघेही आत डोकावून उभे राहिलो. एक प्राध्यापक, एक बँक अधिकारी, एक ग्रामसेवक आणि चौथे आम्ही. चौघांच्या पदव्या मोजायला एका हाताची बोटे पुरली नसती. पण वाफ कोठून येते आहे, हे एकालाही सांगता येईना!

तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा विशीतला एक तरुण थांबला. काचेवरचा निळा झेंडा पाहून त्याने जयभीम घातला. इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. मग पाइपाची ढिली झालेली क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली, पाणी भरले आणि पुढे गेल्यावर कूलंट टाकून घ्या म्हणून बजावले. पैसे देऊ केले तर हात जोडले. जाता जाता एवढेच म्हणाला, "सर, ही क्लिप काय एका दिवसात ढिली झाली नाही. गाडीखाली थेंब पडत असतील की. कुणीच बघितलं न्हाई का?"

या प्रश्नाने आमच्या माना खाली गेल्या. कारण एके काळी आम्ही बघत होतो.

आमच्या पिढीतल्या अनेकांच्या दारात पहिली चारचाकी आली ती जुनी, दुसऱ्याने वापरलेली मारुती ८००. १९८३ साली बाजारात आलेल्या या छोट्या गाडीने नोकरदार माणसाला मोटारीचे स्वप्न दाखवले. आमच्यासाठी ती नुसती गाडी नव्हती. ज्यांच्या बापजाद्यांना गावातून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्यांच्या दारात चार चाके उभी राहिली होती. म्हणून तिची निगा आम्ही लेकरासारखी राखली. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की घरी येऊन बॉनेट उघडायचे. प्लग काढून घासायचे, ऑइलची पट्टी पुसून पातळी पाहायची, एअर फिल्टर झटकायचा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा साका गरम पाण्याने धुवायचा. पोरे पाना-पक्कड हातात देत. गल्लीतली चार माणसे जमत. त्यात चळवळीच्या चार गोष्टीही होत.

मग हे सुटले कसे? एका दिवसात सुटले नाही. ती क्लिपही एका दिवसात ढिली झाली नव्हती. एक रविवार लग्नात गेला, एक मीटिंगमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटला हात लावणे नको झाले. कंबर दुखू लागली. पुढे नवी गाडी आली, तिच्याबरोबर मोफत सर्व्हिसिंगची कुपने आली आणि पान्यांची पेटी माळ्यावर गेली. पहिल्यांदा वेळ नव्हता, नंतर मन लागेना आणि शेवटी आपण हे कधी करत होतो याचाही विसर पडला.

यात सगळा दोष आमच्या आळसाचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले. धूर कमी झाला, ते चांगलेच झाले. पण गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर वाढले. दिवा लागला की तो का लागला हे वाचायलाही वेगळे यंत्र लागते. शिवाय कंपन्यांनी दुरुस्तीची किल्ली आपल्याच खिशात ठेवली. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू द्यायची नाही, हा खेळ इतका उघड होता की २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला "दुरुस्तीच्या हक्का"साठी पोर्टल काढावे लागले. त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्यासाठी हक्क मागावा लागतो, यातच सर्व आले! ज्ञान मूठभरांच्या हाती ठेवायचे आणि बाकीच्यांनी दक्षिणा मोजायची, ही रीत या देशाला नवीन नाही. पूर्वी ती पोथीच्या नावाने चालत होती, आज ती सॉफ्टवेअरच्या नावाने चालते.

पण बंधूंनो, कंपन्यांना दोष देऊन आपण सुटत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर आम्हाला उघडता येत नसेल, पण ऑइलची पट्टी आजही बहुतेक गाड्यांना आहे. कूलंटच्या डब्यावर खुणा आहेत. टायरची हवा तपासायला, स्टेपनी बदलायला, गाडीखाली थेंब पडलेत का हे पाहायला कोणत्या कंपनीची परवानगी लागते? धाराशिवच्या फुफाट्यात एअर फिल्टर लवकर भरतो, बोअरच्या क्षाराच्या पाण्याने रेडिएटर आतून चोंदतो, हे कळायला कोणते यंत्र लागते? मग आम्ही ते का करत नाही? उत्तर कडू आहे. आम्हाला आता हात काळे करायची लाज वाटते!

मुलगा गाडीखाली शिरला तर आई म्हणते, "कपडे घाण होतील, गॅरेजवाल्याला बोलाव की." शेजारी म्हणतो, "साहेब, तुम्ही कशाला?" या "तुम्ही कशाला" मध्ये सगळी वर्णव्यवस्था दडलेली आहे. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे आणि तीही एकावर एक रचलेली, असे बाबासाहेबांनी १९३६ साली "अॅनिहिलेशन ऑफ कास्ट" मध्ये दाखवून दिले. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे, हा मनूचा कायदा. तो आम्ही विहारात धिक्कारतो आणि दारात उभ्या गाडीजवळ मुकाट्याने पाळतो.

यावर काही वाचक रागावतील. म्हणतील, आमच्या बापांनी घाणीत हात घातले ते आम्ही पुन्हा घालावेत म्हणून का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीत आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. वतन म्हणजे काय होते? जन्माने गळ्यात पडलेले, नाही म्हणता न येणारे आणि भाकरतुकड्यावर राबवून घेणारे काम. बाबासाहेब लढले ते त्या सक्तीशी, त्या गुलामीशी. हाताच्या कसबाशी त्यांचे वैर कधीच नव्हते. उलट व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात जाताच ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य तरुणांना तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावे, अशी मागणी होती. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेला हा महापुरुष आपल्या पोरांसाठी कारखान्याचे दार ठोठावत होता. आणि त्यांची नातवंडे-पतवंडे म्हणवणारे आम्ही पान्याला हात लावायला कचरतो!

गाडी आणि स्वाभिमान यांचे नाते बाबासाहेबांनी अंगावर सोसलेले आहे. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाला. गाडीवान महारांच्या पोरांची गाडी हाकायला तयार नव्हता. दुप्पट भाडे ठरले, पोरांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बरोबर पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला तेच झाले. बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांना टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून महारवाड्यातल्या माणसांनी टांगा तेवढा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत पडला.

या प्रसंगातले पहिले पाप जातीचे, यात शंका नाही. त्या बांधवांच्या प्रेमालाही तोड नाही. पण त्यातून आणखी एक धडा निघतो. वाहन मिळाले एवढ्याने भागत नाही, ते चालवण्याचे आणि राखण्याचे कसब आपल्या हातात असावे लागते. स्वतःच स्वतःचा आधार होण्याचा तथागतांचा उपदेश रोजच्या जगण्यात उतरवायचा तर तो असाच उतरवावा लागतो.

प्रत्येकाने इंजिन खोलावे, असे आमचे म्हणणे नाही. ब्रेक, एअरबॅग आणि गाडीतल्या मोठ्या वायरिंगला अर्धवट ज्ञानाने हात लावणे जिवावर बेतेल. ते काम जाणकाराचे. गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय आणावा, असेही नाही. आपल्याकडच्या गॅरेजांत राबणारी पोरे कोणाची आहेत? आपलीच आहेत, मुस्लिम बांधवांची आहेत, बहुजनांची आहेत. पण ज्याला स्वतःला एक नटही आवळता येत नाही, तो त्या पोराच्या कामाची किंमत काय जाणणार? तो एक तर फसतो, नाही तर घासाघीस करतो. ज्याने स्वतः हात काळे केले आहेत, तोच मेकॅनिकला "अरे-तुरे" करण्याआधी दोनदा विचार करील.

म्हणून आमचा साधा प्रस्ताव आहे. ६ डिसेंबरला आपल्या गाड्या चैत्यभूमीकडे निघतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे, १ जानेवारीला भीमा कोरेगावकडे. रात्रीचा प्रवास, बायका-पोरे सोबत, गाड्या भरलेल्या. प्रत्येक प्रवासाच्या आधीच्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणात गाड्या उभ्या कराव्यात. वस्तीतल्या मेकॅनिक तरुणाला मानाने बोलवावे, त्याला "सर" म्हणावे आणि त्याने आम्हा पदवीधरांना तासभर शिकवावे. ऑइल, कूलंट, हवा, स्टेपनी, दिवे, वायपर, गाडीखालचे थेंब. मुलींनाही पुढे बसवावे, जॅक कसा लावायचा हे त्यांनाही आलेच पाहिजे. जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीकाठी ओतायचे नाही, हेही तेथेच ठरावे. यासाठी निधी लागत नाही, अध्यक्ष-सचिव लागत नाहीत आणि गट-तटही लागत नाहीत.

गेल्या रविवारी आम्ही माळ्यावरची पेटी खाली काढली. दोन पाने गंजले होते. मन लागत नव्हते, हे खरेच सांगतो. पण बॉनेट उघडले, पट्टी पुसली, तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेले! आणखी महिनाभर पाहिले नसते तर काय झाले असते? इच्छा होईल तेव्हा करू म्हणत आम्ही वर्षे घालवली. आता कळते आहे की आधी हात लावावा लागतो, इच्छा मागून येते. चळवळीचेही तेच आहे. मोर्चाच्या दिवशी सगळेच येतात. रविवारी झाकण उघडून पाहणारे किती, यावर गाडी घाट चढणार की नाही हे ठरते.

जयभीम!