गाडी उभी, पण बॅटरी कामावर

सुट्टीत गावी जाताना आपण गॅस बंद करतो, नळ तपासतो, शेजाऱ्यांकडे किल्ली देतो. खाली उभ्या असलेल्या गाडीचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. उभ्या गाडीला काय लागतं, असं आपण धरून चालतो. तिला वीज लागते!

लॉक केलेल्या गाडीतही घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर हे सगळे जागेच असतात. त्यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर वीज लागते. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण हिशेब करून पाहा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दोन आठवड्यांत ती जवळजवळ निम्मी रिकामी! सतत चालू राहणारा डॅशकॅम बसवला असेल, तर त्याहूनही लवकर.

पगार आणि शिल्लक

इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर काही क्षणांसाठी शंभराहून अधिक अँपिअर खेचते. हा मोठा खर्च बॅटरी उचलते. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करू लागतो. दिवे, पंखा, म्युझिक सिस्टीम चालवून उरलेली वीज तो बॅटरीत भरतो. घरच्या भाषेत सांगायचं तर अल्टरनेटर म्हणजे पगार आणि बॅटरी म्हणजे शिल्लक. रोज फक्त कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत गाडी नेली, तर शिल्लक काढली जाते, पण परत भरली जात नाही.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा सेन्सर असतो. तो व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजत राहतो. त्यानुसार गाडीचा कंप्युटर ठरवतो, की चार्जिंग कधी वाढवायचं आणि वीज कमी पडली तर आधी काय बंद करायचं. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन हल्ली बंदच होत नसेल, तर बॅटरी कमजोर झाल्याचं ते एक लक्षण असू शकतं. अशा गाडीत बॅटरी बदलताना ईएफबी किंवा एजीएम, जी मुळात होती त्याच प्रकारची घ्या. स्वस्तातली साधी बॅटरी तिथे फार टिकत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. मोठ्या बॅटरीशिवाय त्यांच्या गाडीतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

काय कराल?

• आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन घरघरवून बॅटरी भरत नाही.

• महिनाभर बाहेर जाणार असाल, तर मेकॅनिककडून ऋण टोक काढून घ्या. त्याआधी गाडीचं मॅन्युअल पाहा. काही गाड्यांची सेटिंग्ज यामुळे पुसली जातात.

• गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज मोजा. सुमारे १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

• दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला लावू नका. ते बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगीही पुरते.

उन्हाळ्याच्या उष्णतेनं बॅटरी आतून झिजते, पण ते उघड होतं थंडीत. गार हवेत तिची ताकद कमी होते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्यानं ते फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून थंडीआधी एकदा बॅटरी तपासून घ्या. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर जरूर. मध्यरात्री दवाखाना गाठायची वेळ आली, तर गाडी पहिल्याच किल्लीला सुरू व्हायला हवी.