यंत्राचे स्वागत, प्रश्नाला मज्जाव

गुरू हा ग्रह सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पुरी करण्यास बारा वर्षांहून किंचित कमी काळ घेतो. तो सिंह राशीत आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७ ही त्याची अलीकडची पर्वे होत. याच गुरूकडे जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बीण वळविली, तेव्हा त्याला ग्रहाभोवती फिरणारे चार चंद्र आढळले. पृथ्वी हे साऱ्या विश्वाचे केंद्र नव्हे, या मताला त्यातून बळ मिळाले आणि १६३३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याला दोषी ठरविले. दुर्बिणीवर मात्र कोणाचाच राग नव्हता. धर्मगुरूही तिच्यातून आकाश पाहत होते. राग होता तो तिच्यातून निघालेल्या निष्कर्षावर. हा भेद ध्यानी घेतला, तर विज्ञान, धर्म आणि भाषणस्वातंत्र्य यांच्याविषयीचा बराच घोळ मिटेल.

धर्म आणि यंत्र यांचे हाडवैर आहे, असे समजण्याचे कारण नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरीच झाला. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१७ मध्ये 'लंकादहन' पडद्यावर आणले. श्रद्धाळू समाजाने त्या कॅमेऱ्याचे स्वागतच केले. २०१५ च्या सिंहस्थात घाटांवरील गर्दीवर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी नजर ठेवली, त्यालाही कोणी हरकत घेतली नाही. आज देवाचे दर्शन मोबाइलवर होते आणि पंचांग संगणकावर तयार होते. यंत्र सर्वांना चालते. ज्या वृत्तीतून ते यंत्र जन्मास आले, ती वृत्ती तेवढी चालत नाही. कारण ती पुरावा मागते आणि 'कशावरून?' असे विचारते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि जिज्ञासा यांची जोपासना हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य तर घटनेने आरंभापासूनच दिले होते. ही दोन कलमे वेगवेगळ्या ठिकाणी असली, तरी त्यांचा आशय एकमेकांत गुंतलेला आहे. विचारता येत नसेल, तर जिज्ञासेचे कर्तव्य पार पाडावे कसे?

शंका सभ्यपणे कशी विचारावी, याचा वस्तुपाठ डॉ. जयंत नारळीकरांनी घालून दिला. कुंडलीवरून माणसाची बुद्धिमत्ता सांगता येते, हा दावा त्यांनी २००८ मध्ये कसोटीस लावला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या घेतल्या. त्या जमविण्यास महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी साहाय्य केले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांबाबत उत्तरे पाठविली. चाळिसांपैकी अठ्ठावीस उत्तरे बरोबर यावीत, अशी अट होती. कोणाचीही चोविसांहून अधिक आली नाहीत आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही खाली राहिली. नाणेफेकीनेही याहून वाईट उत्तर मिळाले नसते. पण यात कोणाची अवहेलना झाली नाही, कोणाच्या तोंडाला कुलूप लागले नाही. ज्यांना हा प्रयोग सदोष वाटला, त्यांना तसे लिहिण्याची पूर्ण मुभा होती.

याच समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. युक्तिवादाला पिस्तुलाने उत्तर देणारा मनुष्य आपल्या पक्षाचे समर्थन करीत नसतो. आपल्यापाशी उत्तर नाही, एवढेच तो जगजाहीर करीत असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी डॉ. नारळीकर निवडले गेले होते. एका विज्ञानकथालेखकाला हा मान प्रथमच मिळत होता. प्रकृतीच्या कारणाने मात्र त्यांना येता आले नाही. त्याच संमेलनस्थळी ५ डिसेंबरला पत्रकार गिरीश कुबेर यांच्यावर, त्यांच्या पुस्तकातील संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून, शाई फेकण्यात आली. तो मजकूर चुकीचा असू शकेल. तसे असेल तर कागदपत्रे पुढे मांडून तो खोडून काढावा. इतिहासात वादाचा निकाल पुराव्याने लागतो. फेकलेल्या शाईने एक ओळही खोटी ठरत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, श्रद्धावंतांच्या भावनांना काही मोल आहे की नाही? अवश्य आहे. धर्माचरणाचे स्वातंत्र्यही घटनेनेच दिले आहे आणि भाषणस्वातंत्र्याला वाजवी मर्यादाही घातल्या आहेत. चिथावणी आणि शंका यांत फरक केलाच पाहिजे. परंतु 'भावना दुखावल्या' एवढ्यावर प्रश्न बंद करता येत असता, तर काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह पहिल्याच दिवशी संपवावा लागला असता. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: राम सर्वांचा, तर दार काहींनाच का? उत्तरादाखल सत्याग्रहींना दगड मिळाले. पाच वर्षे वाट पाहून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास, बाबासाहेबांनी धर्मत्यागाची घोषणा केली. प्रश्न दडपल्याने प्रश्न संपत नाही. विचारणारा मात्र दुरावतो. त्यात अधिक हानी कोणाची होते, हे धर्माभिमान्यांनीच ठरवावे.

नाशिककरांपुढे आज असाच एक प्रश्न उभा आहे. गोदावरीच्या प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. रामकुंडाचे पाणी पवित्र आहे, ही श्रद्धेची बाब. ते स्वच्छ आहे की नाही, ही प्रयोगशाळेची. पाण्याचा अहवाल मागणाऱ्याला धर्मद्रोही ठरविले, तर त्याने नदी शुद्ध होणार नाही. आणि त्या पाण्यात उतरणारा असतो तो श्रद्धाळू यात्रेकरूच. शाळेत गुरूचे चंद्र शिकविणाऱ्या शिक्षकाने, कचेरीत अर्ज हाताळणाऱ्या कारकुनाने आणि परीक्षेपुरते विज्ञान वाचणाऱ्या विद्यार्थ्याने 'कशावरून?' हा एक शब्द जपला, तरी पुष्कळ झाले. जी श्रद्धा हा शब्द ऐकून घेईल, ती त्याने दुबळी होणार नाही.