बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, पण कोणाच्या?

जळगावहून पाचोरा, भडगावमार्गे चाळीसगावला जाणारा रस्ता धरा. तालुक्याचे गाव जवळ आले की शेतांत रोवलेले सिमेंटचे खुंट आणि प्लॉटच्या पाट्या दिसू लागतात. कालपर्यंत जिथे कपाशी आणि केळी उभी होती तिथे आज ‘नगर’ आणि ‘पार्क’ उभे राहत आहेत. पाटीवरचा मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. शाळा जवळ, दवाखाना जवळ, बाजारपेठ हाकेच्या अंतरावर!

आमचा प्रश्न एवढाच आहे की ही हाक कोणाची? मोटारसायकलवाल्याची की डोक्यावर दळणाचा डबा घेऊन निघालेल्या बाईची?

हा प्रश्न किरकोळ वाटणाऱ्यांनी दोन गोष्टींचा विचार करावा. चक्की, किराणा, रेशनचे दुकान, अंगणवाडी, शाळा, दवाखाना आणि एस. टी. थांबा यांच्यावाचून कोणाचा दिवस ढकलला जात नाही. आणि नेमकी हीच ठिकाणे शतकानुशतके आम्हाला नाकारली गेली होती. पाण्यावर, दुकानावर आणि रस्त्यावर बंदी म्हणजेच अस्पृश्यता. म्हणून रोजच्या कामाला पायी जाता येईल अशी वस्ती मिळणे ही आमच्यासाठी निव्वळ सोयीची बाब नाही, तो हक्काचा प्रश्न आहे.

भडगावच्या शेजारच्या तालुक्याचा इतिहासच पाहा. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. धुळ्याकडचे काम आटोपून २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते चाळीसगावला आले. तिथल्या महारवाड्यातील लोकांनी त्यांना रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी यावे हे लोकांना त्याच्या मानाला शोभणारे वाटेना. अखेर टांगा तेवढा भाड्याने मिळाला, हाकायला मात्र ज्याला सवय नाही असा वस्तीतलाच माणूस बसला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. टांगा आणि घोडा नदीत पडला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर चाळीसगावच्या टांगेवाल्याच्या लेखी अस्पृश्यच होता. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

या घटनेतून आंबेडकरी जनतेने एक धडा घ्यायला हवा. वस्ती पायी जाता येईल इतकीच दूर होती. अंतर कोसांचे नव्हते, ते जातीचे होते. नकाशावर जवळ दिसणारे प्रत्यक्षात दूर असू शकते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत असा तो ठराव होता. म्हणजे रोजच्या कामाच्या जागांचीच ती यादी होती. कागदावर खुले झालेले पाणी प्रत्यक्षात घेण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. पुढे बाबासाहेबांनी संविधानाच्या कलम १५ मध्ये हेच पक्के करून घेतले. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. कलम १९ ने देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला.

पण दुकान आणि रस्ता खुला झाला तरी त्या दुकानाजवळचे घर खुले झाले का? भरवस्तीत भाड्याची खोली विचारायला जा. आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव आणि शेवटी ‘आम्ही तुम्हाला कळवतो’ असे सांगतात. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना घर मिळाले नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत राजधानी दिल्लीच्या परिसरातही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जात असल्याचे दिसून आले. मधल्या ९८ वर्षांत नकाराची भाषा तेवढी सभ्य झाली! २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा नियम वैध ठरवला. मग मोक्याच्या वस्तीतून आमच्या माणसाला बाहेर ठेवायला कुंपण कशाला हवे?

परिणाम काय होतो? आमचा शिकलासवरला नोकरदार फंडाच्या पैशातून गावाबाहेर प्लॉट घेतो. तिथे आडनाव कोणी विचारत नाही, कारण तिथे अजून शेजारीच नसतात! हातपाय चालतात आणि गाडी चालते तोवर सारे ठीक असते. पुढे मुलगा पुण्याला जातो, गुडघे बोलू लागतात आणि मग पावशेर साखरेसाठीही रिक्षाची वाट पाहावी लागते. भर वैशाखात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात सावलीचे एक झाड नसलेला दीड-दोन किलोमीटरचा रस्ता म्हातारीने कसा तुडवायचा? हमरस्ता ओलांडून शाळेत जाणाऱ्या पोराची काळजी आईने कशी विसरायची? बाबासाहेबांनी आम्हाला शहराकडे जायला सांगितले ते खेड्यातल्या जातीच्या कोंडवाड्यातून सुटण्यासाठी. गावकुसाबाहेरून निघून शहराच्या कुसाबाहेर मुक्काम करण्यासाठी नव्हे.

आणि जुन्या वस्तीचे काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण पाटी बदलल्याने पायवाट बदलत नाही. दलित वस्ती सुधार योजनेतून वस्तीच्या आत काँक्रीट होते, समाजमंदिर उभे राहते, फोटो निघतात. वस्तीच्या तोंडाशी आले की काँक्रीट संपते आणि तिथून बाजारापर्यंत चिखल, अंधार आणि उघडी गटार सुरू होते. वस्तीच्या आत सुधारणा आणि वस्तीच्या बाहेर वाऱ्यावर, ही विकासाची कोणती तऱ्हा? वस्तीला गावाशी जोडायचेच नाही, जिथल्या तिथे बसवून ठेवायचे, असाच त्याचा अर्थ होतो.

आज पॅरिससारख्या शहरात ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना गाजते आहे. कार्लोस मोरेनो या प्राध्यापकाने ती मांडली आणि २०२० च्या निवडणुकीत तिथल्या महापौर ॲन हिडाल्गो यांनी ती जनतेपुढे नेली. शाळा, दुकान, दवाखाना पायी किंवा सायकलीवर पंधरा मिनिटांत गाठता यावा, एवढेच तिचे सार. आपले काही विद्वान यावर लगेच सांगतील की आमच्या पुरातन खेड्यात हे सारे होतेच. होते ना! बारा बलुतेदार हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारण्याचा अधिकार कोणाला होता? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या या गोडव्यांचा समाचार घेतला होता, तो विसरू नका. नुसती जवळीक पुरत नाही, तिच्यात समता असावी लागते.

मग करायचे काय? भडगावसारख्या तालुक्याच्या गावात हे काम मुंबई-पुण्यापेक्षा सोपे आहे. गाव लहान आहे, गिरणाकाठची जमीन सपाट आहे आणि अजून सगळे बांधून झालेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. शाळेचे अंतर कायद्यात लिहिता येते तर रेशनच्या दुकानाचे आणि दवाखान्याचे का नाही? १९६५ च्या नगर परिषद कायद्याने रस्ते आणि दिवाबत्ती हे परिषदेचे बंधनकारक कर्तव्य केले आहे, उपकार नव्हे. वस्ती सुधारणेच्या निधीत पोचरस्त्याचे काम बसते, ते लेखी मागा. नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी आमचे कार्यकर्ते कोठे असतात? जयंतीच्या वर्गणीत आणि बॅनरवरच्या फोटोच्या भांडणात! आराखड्यात शाळा, दवाखाना आणि भाजीबाजार कोणत्या गटात पडतो, रस्ता कोणत्या वस्तीला टाळून जातो, हे पाहायला वॉर्डातली चार शिकलेली मुले बसवा. लेआउटमधली खुली जागा कोणी गिळली आहे का, तेही तपासा.

आणि प्लॉट घेणाऱ्या बांधवांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. प्लॉट पाहायला दलालाच्या गाडीवर बसून जाऊ नका. घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन दुपारी पायी जा. चक्की, शाळा, दवाखाना किती पावलांवर आहे ते मोजा. रात्री दिवा लागतो का ते पाहा. शक्य असेल तर पाच-दहा कुटुंबांनी मिळून गावाला लागून जागा घ्या, म्हणजे किराणा आणि चक्की आपल्यातलाच एखादा तरुण काढू शकेल. कागदपत्रे वकील पाहील, पण रोजचे चालणे घरातल्या बाईलाच करायचे आहे. तेव्हा तिचे मत शेवटचे माना.

चाळीसगावच्या स्टेशनवर आमचा बाप टांग्यासाठी ताटकळला. त्याच्या लेकरांनी आज बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी ताटकळत बसावे, हे आंबेडकरी चळवळीला शोभणारे नाही. रस्ता संविधानाने आपला केला आहे. त्या रस्त्याला लागून घर असणे हाही आपला हक्क आहे, आणि तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

जयभीम!