वणवा पेटण्याआधीचे महिने

‘वणव्यासारखी बातमी पसरली’ असं आपण बोलता बोलता म्हणून जातो. खऱ्या वणव्याची बातमी मात्र चार दिवसांची. एप्रिल-मे आला की टीव्हीवर उत्तराखंडचे डोंगर जळताना दिसतात, हेलिकॉप्टर तलावातून भली मोठी बादली भरून नेताना दिसतं, मग पाऊस येतो आणि आगीबरोबर बातमीही विझते. २०१६ मध्ये हे पाहिलं, २०२४ मध्येही. दोन्ही वेळेला हवाई दलाला बोलवावं लागलं. २०२४ च्या मे महिन्यात तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पावसावर किंवा कृत्रिम पावसावर विसंबून चालणार नाही, असं न्यायालयाने सुनावलं. आगीच्या ऐन दिवसांत वन खात्याची माणसं निवडणुकीच्या कामाला का जुंपली, असंही विचारलं. घरात लग्न काढायचं आणि आचाऱ्याला गावाला धाडायचं, तसलाच प्रकार!

पुढच्याच महिन्यात, १३ जूनला, अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वन खात्याचे चौघे जण होरपळून मेले. त्यांच्यात रोजंदारीवरचे, हंगामापुरते घेतलेले लोकही होते. जंगलाच्या आगीत पुढे उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा हाच असतो. हातात हिरव्या फांद्यांचा झोडा, अंगावर रोजचेच कपडे.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे यंत्रणाच नाही. तसं नाही हो. डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था आहे. उपग्रहाला कुठे आग दिसली की तिच्याकडून थेट मोबाइलवर संदेश येतो. नाव नोंदवलं तर तुम्हा-आम्हालाही. याच संस्थेने २०१९ च्या अहवालात देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आगीचा धोका असल्याचं सांगितलं होतं. राष्ट्रीय कृती आराखडा २०१८ मध्येच झाला. म्हणजे कागद आहे, उपग्रह आहे. पण संदेश आल्यावर तो उभा डोंगर चढून जाणार कोण? जवळचं गाव. आणि डोंगरातल्या गावात दिवसा असतं कोण? पुरुष बरेचसे नोकरीला खाली शहरात. गावात उरतात बाया, म्हातारी माणसं, मुलं. जंगलातून चारा, सरपण, पाणी आणणाऱ्याही त्याच. कुठली पायवाट कुठे निघते, हे त्यांच्या पायांना पाठ असतं.

या बायांना विचारा, आग कशाने भडकते. उत्तर येईल, पिरूल! म्हणजे चीड या पाइनच्या झाडाची सुईसारखी पानं. उन्हाळ्यात ती गळून जमिनीवर जाड थर साचतो. त्यात राळ असते, ठिणगी पडली की भडका. इंग्रजांनी लाकूड आणि राळेसाठी चीड वाढवला, ओलावा धरून ठेवणारा बांज मागे पडला. वर गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क काढून घेतले. १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी रागाने सरकारी जंगलंच पेटवून दिली होती. शेवटी इंग्रजांनाही गावांना काही अधिकार द्यावे लागले. १९३१ पासून तिथे वनपंचायती आहेत, आज काही हजार. जंगल आपलं वाटलं तर माणूस विझवायला धावतो, परकं वाटलं तर बघत राहतो, एवढं त्यातून सरळ दिसतं.

अल्मोड्याजवळच्या शीतलाखेतच्या बायांचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्याआधी शेताच्या कडेची झुडपं कापून, ढीग करून जाळायची तिथली जुनी रीत, तिला ‘ओण’ म्हणतात. भर उन्हाळ्यात हीच आग जंगलात शिरायची. गावांनी ठरवलं, ओण जाळायची ती ३१ मार्चच्या आत. एक एप्रिल हा आता ‘ओण दिवस’ म्हणून पाळतात. तरीही जंगलात आग लागलीच तर विझवायला महिला मंगल दलाच्या बाया धावतात. पुढे सरकारलाही या गावांची दखल घ्यावी लागली. या कामाला हेलिकॉप्टर लागलं नव्हतं.

२०२४ च्या मेमध्ये सरकारने पिरूल आणून देणाऱ्याला किलोला ५० रुपये जाहीर केले. दर ऐकायला छान. पण जाहीर झाला तेव्हा डोंगर आधीच पेटलेले. शिवाय किलोभर पिरूल म्हणजे केवढा भारा होतो! तो उतारावरून वाहून आणायचा, वजनकाटा किती लांब, पैसे हातात कधी पडणार, हे त्या वाहणारीला आधी विचारलं पाहिजे. बचत गटात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळेल. जाहीर झालेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांच्यामध्ये फार चढ-उतार असतात.

आपल्या गडचिरोली-गोंदियाकडे पिरूल नाही, मोह आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि ती पुढे पसरते. पहाटे मोह वेचणाऱ्या बहुतेक बायाच. त्यांना नुसतं ‘जाळू नका’ सांगून काय होणार? शेजारच्या छत्तीसगडमध्ये झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीत पडतं, माती लागत नाही, म्हणून भावही बरा मिळतो. पाचोळा जाळायची गरजच उरत नाही. पण जाळी विकत कोण घेणार? पैसा खर्च व्हायचा तर तो इथे, मोह फुलायच्या आधी.

आपल्या राज्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. २६ जानेवारीला ग्रामसभा असते आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदाच आहे. जंगलाला लागून असलेल्या गावातल्या मैत्रिणींनी त्या सभेत वन खात्याच्या माणसाला बोलावून घ्यावं. जाळरेषा कुठून काढणार, मजुरी किती आणि किती दिवसांत, जाळ्या मिळणार का, आग दिसली तर फोन कोणाला करायचा, हे त्याला विचारावं आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.