टेबल किती उंच? कोपराला विचारा!

दोस्तांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र नाशिकहून, पंचवटीतून आलंय. लिहिणारा आठवीत आहे. त्यांचा जुना वाडा पाडला, तेव्हा एका सागवानी दाराची फळी आणि तुळईचे चार तुकडे त्यानं हट्टानं मागून घेतले. (शाबास! असलं लाकूड आता विकत घ्यायला गेलात तर दुकानदार आधी तुमच्या वडिलांना खुर्ची देईल आणि मग भाव सांगेल.) त्या लाकडाचं त्याला स्वतःचं कामाचं टेबल करायचंय. मोबाइलवर एका अमेरिकन सुताराचा व्हिडिओ पाहून त्यानं उंची ठरवली, ३६ इंच. विटा आणि फळ्या रचून तेवढ्या उंचीवर आठवडाभर रंधा मारून पाहिला. आता विचारतोय, "काका, रंधा मध्येच अडतो. रात्री उजवा खांदा ठणकतो. माझी ताकद कमी पडते, की रंध्याला धार नाही?"

बघा हं, पठ्ठ्यानं पत्रात स्वतःची उंचीही लिहिलीय, चार फूट दहा इंच. त्यामुळे उत्तर सोपं झालं. ताकद ठीक आहे, धारही ठीक असेल. चुकतंय ते टेबल.

आता थोडा हिशेब करू. माणूस सरळ उभा राहिला, की त्याचं कोपर जमिनीपासून साधारण त्याच्या उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. चार फूट दहा इंच म्हणजे ५८ इंच. त्याचे ६३ टक्के, साडेछत्तीस. म्हणजे आपल्या दोस्ताचं टेबल थेट त्याच्या कोपराशी आलं! त्यावर इंचभर जाडीची फळी, फळीवर रंधा, आणि रंध्याची मूठ आणखी तीन इंच वर. हात गेला चाळीस इंचांवर, कोपराच्याही वर. अशा अवस्थेत पैलवानसुद्धा रंधा मारू शकणार नाही. तो व्हिडिओतला सुतार सहा फूट उंच असेल तर त्याचं कोपर ४५ इंचांवर असणार. ३६ इंचांचं टेबल त्याला नऊ इंच खाली पडतं, म्हणून त्याला ते झकास वाटतं. टेबल तेच, माणूस वेगळा.

ही चूक मीही केलीय. सातवीत होतो. घरच्या अडगळीतलं एक उंच टेबल मला मिळालं आणि मी लगेच 'कारखाना' सुरू केला. पटाशीनं खाच पाडत होतो. टेबल इतकं उंच, की वरून वाकून बघता येईना. कोपर कानाच्या दिशेनं वर काढून पटाशी ढकलावी लागे. लाकूड धरलं होतं डाव्या हातानं, तेही पटाशीच्या पुढे. व्हायचं तेच झालं. पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी रुतली. तीन टाके पडले. वण अजून आहे. पटाशीच्या पुढे हात ठेवायचा नाही, ही चूक मला त्याच संध्याकाळी कळली (आणि नंतर आठवडाभर आईनं दोन्ही वेळा सांगितली). दुसरी चूक उंचीची होती, ती कळायला मात्र पंधरा वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सुतार कुठे टेबलापाशी उभा राहायचा? अगदी बरोबर. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायांनी धरतो. तळपाय हाच त्याचा शेगडा! जुन्या नाशकात तांबट लेन आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक प्रसिद्ध, आणि ती भांडी ठोकणारा तांबटही जमिनीवर बसूनच काम करतो. समोर लाकडात पक्का रोवलेला लोखंडी दांडा, त्यावर भांडं उपडं घातलेलं, आणि हातोडीचे ठोके एका लयीत. मजा अशी, की दांडा किती उंच हवा हे पुस्तकात बघावं लागत नाही. बसल्यावर हात जिथे सहज पडतो, तिथे भांडं येईल असा तो बेतलेला असतो. म्हणजे उंचीचा प्रश्न जमिनीवरही आहेच, फक्त तो पिढ्यानपिढ्या सुटत आलाय.

आपण उभं राहून काम करायला लागलो तेव्हा घोळ झाला. स्वयंपाकघर बघा ना. पूर्वी चूल जमिनीवर आणि आजी पाटावर. मग ओटा आला. गवंड्यानं सवयीनं ठरलेल्या मापाचा बांधला, वर कडप्पा टाकला आणि गेला. आईची उंची किती, हे त्यानं विचारलं का? आज घरी जाऊन एक प्रयोग करा. ओट्याची उंची मोजा, मग सिंकच्या तळाची मोजा. तळ सात-आठ इंच तरी खाली निघेल. भाजी चिरताना आईची पाठ दुखत नाही, पण भांडी घासताना दुखते, याचं कारण त्या सात-आठ इंचांत आहे. आता लक्षात आलं? महत्त्वाची आहे ती हातांची उंची. टेबलाची उंची त्यावरून ठरवायची, उलट नाही.

पाठच का दुखते? इथे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ कामाला येते. कमरेत वाकलात, की धडाचं, डोक्याचं आणि हातांचं वजन पुढे लोंबकळतं. समजा ते २५ किलो आहे आणि कण्यापासून २५ सेंटीमीटर पुढे आहे. त्याला सावरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. गुणाकार करा. स्नायूंना १२५ किलोचा ताण द्यावा लागतो! हातात तर अजून काही उचललेलंही नाही. हा ढोबळ हिशेब आहे, पण तासभर वाकून उभं राहिल्यावर कंबर का बोलायला लागते ते यावरून समजेल.

आणि टेबल फार उंच असेल तर? मग खांदे बोलतात. नाशिकच्या द्राक्षबागेत कधी गेलात तर मांडवाखाली उभे राहून बघा. घड डोक्याच्या वर लोंबत असतात आणि विरळणी करणाऱ्या बायका दिवसभर हात वर करून काम करतात. तुम्ही नुसते हात वर धरून पाच मिनिटं उभे राहा. काहीही न करता हात भरून येतील. स्नायू सतत आवळलेला राहिला, की त्याला रक्त नीट पोचत नाही आणि तो लवकर दमतो. तुमच्या टेबलापाशी खांदे कानांकडे सरकायला लागले, तर तुम्ही छोट्या प्रमाणात तेच करताय असं समजा.

या विषयाचं एक शास्त्रही आहे बरं का. त्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द १८५७ साली पोलंडमधल्या यास्त्रझेंबोव्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं वापरला. (नाव मोठ्यांदा म्हणून बघा, जीभेचा व्यायाम होईल.) पण मला त्याच्यापेक्षा फ्रँक गिलब्रेथ जास्त आवडतो. हा अमेरिकेतला गवंडी. त्यानं पाहिलं, की गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो. वीट वजनानं ती किती, पण दर वेळी स्वतःचं अख्खं धड उचलतो! गिलब्रेथनं वरखाली करता येणारा पाड तयार केला. भिंत चढेल तसा पाडही चढणार, आणि विटा कायम हाताशी. एका विटेमागे १८ हालचाली व्हायच्या, त्या ५ वर आल्या आणि तासाला १२० विटा रचणारा माणूस ३५० रचू लागला. पुढे त्याची बायको लिलियन हिनं स्वयंपाकघराचा असाच अभ्यास केला. त्यांना बारा मुलं होती, त्यामुळे प्रयोगाला घरात माणसांची कमतरता नव्हती!

बरं, आता आपल्या टेबलाकडे. आधी दोन मापं घ्या. कामाच्या वेळी जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून भिंतीशी सरळ उभे राहा. हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कोपराच्या खाली भिंतीवर खूण करा. मग हात सैल सोडा आणि मनगटाशी दुसरी खूण. खुणा दुसऱ्याला करायला सांगा. स्वतः करायला गेलात तर वाकाल आणि माप चुकेल.

रंधा मारणं, करवत चालवणं, ठोकाठोक, म्हणजे अंग लावून करायची कामं, यांना टेबल मनगटाच्या जवळपास हवं. मग रंधा ढकलताना खांदे त्याच्या वर येतात, एक पाय मागे रोवता येतो आणि जोर पायांतून निघतो. हाताचं काम फक्त वळण देण्याचं. आपल्या दोस्ताचं मनगट येतं २८ इंचांच्या आसपास. म्हणजे त्याचं टेबल तब्बल आठ इंच जास्त उंच आहे. खांदा ठणकेल नाहीतर काय?

कानस चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना पहिल्याच काही दिवसांत एक सोपी युक्ती शिकवतात. शेगड्यापाशी सरळ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली ठेवायची. कोपर शेगड्याच्या जबड्याला टेकलं, की उंची बरोबर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कुणी तुमच्या घरी किंवा शेजारी असेल तर त्यांना करून दाखवायला सांगा, आनंदानं दाखवतील. कानस आडवी, सरळ रेषेत जायला हवी. शेगडा खाली असला, की पुढे जाताना कानस झुकते आणि सपाट करायचा पत्रा गोलसर होतो.

आणि बारीक काम, म्हणजे नक्षी कोरणं, रेडिओचं सोल्डरिंग, घड्याळ उघडणं? तिथे जोर लागत नाही, डोळे लागतात. काम कोपराच्याही दोन ते चार इंच वर हवं, नाहीतर मान खाली घालून घालून दुखते.

झाली की नाही पंचाईत! तीन कामं, तीन उंच्या. तीन टेबलं ठेवायला कुणाच्या घरात जागा आहे? माझं मत विचाराल तर टेबल नेहमी सगळ्यांत अंगमेहनतीच्या कामासाठी करावं, म्हणजे ठेंगणं. ठेंगण्या टेबलावर काहीतरी ठेवून काम उंच करता येतं. उंच टेबल मात्र रोज खाली करता येत नाही. आपल्या दोस्तानं २८ इंचांचं टेबल करावं. त्यावर सहा इंची शेगडा बसवताना खाली दोन इंचांचा ठोकळा घातला, की जबडा बरोबर ३६ इंचांवर, त्याच्या कोपराशी. सोल्डरिंगला घरातला जुना चौरंग टेबलावर चढवावा, आठ-दहा इंच आपोआप मिळतात.

पण थांबा, अजून एक भानगड आहे. आठवीतला मुलगा आहे तेवढाच थोडा राहणार? एका वर्षात दोन-तीन इंच कधी वाढेल कळणारही नाही. पाच फूट सात इंचांचा झाला, तर मनगट साडेबत्तीस इंचांवर जाईल. मग आज केलेलं टेबल उद्या कमरेचा शत्रू. काही जण सांगतात, टेबल मोठ्या माणसाचं करा आणि मुलानं फळीवर उभं राहावं. मला हे पटत नाही. रंधा मारताना पाय मागेपुढे होतात आणि हातात धारदार हत्यार असताना फळीवरून पाय निसटला तर काय, हे माझ्या अंगठ्याला विचारा.

तेव्हा पंचवटीकर दोस्ता, तू असं कर. कापायच्या आधी पुठ्ठे, रद्दीचे गठ्ठे, पाट असं रचून २७, २८ आणि २९ इंच, अशा तिन्ही उंच्यांवर पंधरा-पंधरा मिनिटं रंधा मारून बघ. रद्दी घट्ट बांध आणि वरची फळी डुगडुगत नाही ना ते पाह. ज्या उंचीवर खांदेही गप्प आणि कंबरही गप्प, ती तुझी. मग तुळईचे पाय त्या मापाला काप. कापताना घरातल्या मोठ्या माणसाला समोर धरायला घे, जुन्या तुळईत खिळे लपलेले असतात आणि करवतीचे दात जातात. आणि उरलेले तुकडे बंबात घालू देऊ नकोस! त्यांचे दोन-दोन इंचांचे ठोकळे पाड. प्रत्येक ठोकळ्याला मध्यभागी भोक, पायाच्या तळालाही भोक, आणि दोन्हींत एक लाकडी खुंटी, म्हणजे पाय ठोकळ्यावरून सरकणार नाही. कुठला ठोकळा कुठल्या पायाचा ते पेन्सिलीनं लिहून ठेव. दर वाढदिवसाला भिंतीशी उभा राहा, मनगटाची नवी खूण कर, आणि खूण दोन इंच वर गेली, की चारही पायांखाली एकेक ठोकळा सरकव.

फळीला रंधा मारून झाला, की मला कळव. शेगडा टेबलाच्या डाव्या पायावर बसवायचा की उजव्या, ते पुढच्या आठवड्यात बघू. तू डावखुरा आहेस का, तेवढं मात्र लिही.